पाहुण्यांच्या माठातलं पाणी

अत्यंत गंभीरपणे, घसा साफ करून, आणि वाचकांनी हातातली कामं क्षणभर बाजूला ठेवावीत अशी विनंती करून मी जाहीर करते की, एकाहत्तर-बहात्तरच्या सुमारास, नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, आमच्या वस्तीवर, तुरीच्या डाळीने शिजायला साफ नकार दिला.

हसायचं असेल तर हसून घ्या. पण डाळ शिजत नाही म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा. सकाळी चुलीवर चढवलेलं पातेलं दुपारी उतरवावं, आणि आत पाणी एकीकडे, डाळ दुसरीकडे, भांडण झालेल्या जावांसारखी तोंडं फिरवून बसलेली असावी. आबा, म्हणजे माझे वडील, पहिला घास घ्यायचे, दाताखाली कडकन आवाज व्हायचा, आणि ते ताटाकडे न बघता आढ्याकडे बघत विचारायचे, "आज वरनात खडी टाकली व्हय?"

चौकशीचं काम आत्याने हाती घेतलं. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच विधवा होऊन ती माहेरी परत आली, आणि माझी आई गेल्यापासून घर तिच्याच शब्दावर चालायचं. कुणाच्या हातचं चालतं, कुणाच्या हातचं नाही, कुणाची सावली कुठवर आली तर चालते, याचं तिचं शास्त्र इतकं बारीक होतं की देवघरातल्या देवांनीसुद्धा तिला विचारूनच नैवेद्य खाल्ला असता. तिने आधी वाण्याला दोषी ठरवलं. डाळ बदलली. मग जळणाला दोषी ठरवलं. जळण बदललं. मग तिची नजर वहिनीवर स्थिरावली, कारण वहिनी काही बदलता येत नव्हती.

"हिच्या हाताला गुन न्हाई," आत्या म्हणाली.

वहिनी बेलापूरची, बागायती भागातली. ती चुलीसमोरून न उठता म्हणाली, "आत्याबाई, आमच्या बेलापुरात डाळ चुलीवर ठेवली की शिजती. तिच्या पाया पडावं लागत न्हाई." आणि फुंकणी उचलून तिने अशी काही फुंक मारली की चुलीतली राख आत्याच्या लुगड्यावर.

दोष पाण्यात आहे, हे पहिल्यांदा वहिनीच म्हणाली. हंड्याच्या आत पांढरं कवच धरत होतं. साबणाला फेस येत नव्हता. आणि पावसाळा सरता सरता विहिरीतून पोहरा वर आला की त्याच्याबरोबर एक वास वर यायचा. ओळखीचा वास, पण जेवायच्या वेळी नाव घेऊ नये असा.

तो कुठून येतो, हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला मुरमाची जुनी खाण होती. रस्त्यांसाठी मुरूम काढून काढून तिथे भला मोठा खड्डा झालेला. गावच्या नगरपालिकेने त्यात गावाचा केरकचरा टाकायला सुरुवात केली होती, आणि केरामागून मैल्याच्या गाड्याही आल्या. तेव्हा गावात संडासांना गटारं नव्हती, गाड्या होत्या. आता विचाराल, मग तुमच्या लोकांनी विरोध केला का? छे! आमच्या लोकांनी सत्कार केला. मैल्याचं खत म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत सोनखत. ते फुकट बांधावर येणार म्हणून आबांनी नगरपालिकेच्या आरोग्य खात्याच्या साहेबांना वस्तीवर बोलावलं, नारळ दिला, टोपी घातली, आणि गावाची घाण आमच्या रानात सोनं होणार आहे असं भाषण ठोकलं. त्या वर्षी कोबी परातीएवढा झाला, हे मी नाकारत नाही. पण मुरूम म्हणजे चाळण. वर पाऊस पडला की खड्ड्यातलं सगळं हळूहळू खाली झिरपायचं, आणि खाली आमची विहीर होती.

आता ते पाणी वाईट म्हणायचं तर आबांना स्वतःचं भाषण वाईट म्हणावं लागलं असतं. ते म्हणायचे, "वास पावसाचा हाय. जाईल."

वास गेला नाही, कावीळ आली. आधी खालच्या घरातल्या एका म्हाताऱ्याला, मग शेजारच्या दोन बायकांना, आणि मग माझ्या भाचीला, म्हणजे वहिनीच्या लेकीला. नुकती बोलायला लागलेली पोर. तिचे डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे झाले. माझा भाऊ तेव्हा नागापूरला नव्याने निघालेल्या एका कारखान्यात होता, रविवारी घरी यायचा. त्यामुळे सरकारी दवाखान्यात पोरीजवळ वहिनी आणि मी. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"विहिरीचं."

"विहिरीच्या वरच्या बाजूला काय आहे?"

"गावाचं पोट," वहिनी म्हणाली. "रोज सकाळी आमच्यावर मोकळं होतं."

डॉक्टरांनी पाणी उकळून प्यायला सांगितलं, आणि तेवढं बोलून ते थांबले नाहीत. म्हणाले, उकळणं हा आजचा उपाय झाला, खड्डा आहे तोवर विहीर सुधारणार नाही, पाणी तपासून घ्या.

भाची वाचली. वहिनीला तेव्हा पुन्हा दिवस गेलेले होते. लेकीला कडेवर घेऊन ती बाळंतपणासाठी बेलापूरला निघाली, तेव्हा एस.टी.च्या पायरीवर उभी राहून, कंडक्टर घंटी मारायच्या बेतात असताना, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आबा, आत्याबाई, ऐका. पानी बदलंपर्यंत मी पोरं घेऊन यायची न्हाई. एक कशीबशी वाचलीय. दुसरं त्या हिरीवर घालनार न्हाई." डोक्यावरचा पदर घसरला होता, तोही तिने सावरला नाही. गाडी सुटली. आबा झपाझप पुढे चालायला लागले. आत्या मात्र वाटभर बोलत होती. येणाऱ्या बाळासाठी तिने जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, ती आता कुणाच्या अंगावर घालायची, हेच पुन्हा पुन्हा. तिला स्वतःचं मूल नव्हतं. आमची सगळ्यांची ढुंगणं धुण्यात तिचा जन्म गेला होता आणि तिला आणखी एक हवं होतं.

मी त्या वर्षी नगरच्या कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाशी झटापट करून घरी विश्रांतीला आलेली होते. रसायनशास्त्राने मला पाडलं होतं. त्याच्याच नावाने काहीतरी मोठं करून दाखवायची ही नामी संधी होती. मी ठरवलं, वस्तीच्या आरोग्याची शास्त्रीय पाहणी करायची. घरोघर जायचं आणि विचारायचं: पाणी कुठलं, आजारी कोण, आणि डाळ शिजते का?

शास्त्राचं स्वागत फार प्रेमाने झालं. एक आजोबा म्हणाले, "जुलाब मला झालं, तुला कशाला पंचाईत?" एक काकू म्हणाल्या, "डाळ न्हाई शिजत. पर आमच्यात पहिल्यापासनं न्हाई शिजत. सुनंला इचार." आणि संध्याकाळी घरी आत्या: "तरनी पोर दारोदार जाऊन लोकांच्या पोटाची खबर घेतीया! हिला नवरा मिळाला तर आता वैदूच मिळायचा." (मिळाला तो बँकेतला. पोट मात्र त्याचंही नाजूक.)

पण चित्र असं स्वच्छ उभं राहिलं की मलाच नवल वाटलं. खाणीच्या खालच्या अंगाला जेवढी घरं, तेवढ्यांत डाळ कच्ची आणि माणसं पिवळी. बाजूच्या घरांत डाळ अर्धी शिजलेली आणि माणसंही तशीच. राहिली होती फक्त खाणीच्याही वरची, ओढ्यापलीकडे माळावरची बौद्धवस्ती.

त्या वस्तीच्या विहिरीबद्दल आधी सांगते. एके काळी त्या लोकांना आमच्या विहिरीवर येऊ देत नसत. त्यांच्या बायका ओढ्यात झरा उकरून वाटीवाटीने घागरी भरत. बौद्ध झाल्यावर त्यांनी ठरवलं, आता मागायचं नाही, खणायचं. खणायला जागा मिळाली ती माळावर, कातळात. आमची माणसं बांधावर उभी राहून हसली होती, तिथे पाण्याऐवजी ठिणग्या निघतील म्हणून. निघालं पाणी. गोड, गार, चैत्रातही न आटणारं. मग आमच्या माणसांनी हसणं बंद केलं आणि त्या विहिरीकडे बघणंही बंद केलं. शिवाशिव कायद्याने कधीच संपली होती. पण कायदा आमच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून उभा राहायचा, आत कुणी बोलवायचं नाही. आमच्या घरातलं कुणी त्या विहिरीचं पाणी पिणं म्हणजे सूर्याने पश्चिमेला उगवणं.

माळावर मला भेटली ती त्या वस्तीतली एक मावशी. शेतमजुरी करायची, पन्नाशीला आलेली, आणि तिच्याशी बोलताना आपली परीक्षा चाललीय असं वाटायचं. ती शेंगा निवडत होती.

"मावशी, तुमच्यात कावीळ कुणाला?"

"न्हाई."

"जुलाब? उलट्या?"

"न्हाई."

"डाळ शिजते?"

"लोन्यावानी," ती म्हणाली, आणि शेंगांतून मान वर करून हसली. "तुझ्या आत्याला इचार की."

"आत्याला कसं माहीत?"

"ते बी तिलाच इचार."

मी आत्याला विचारलं नाही. दबा धरून बसले. रोज भर दुपारी, वस्ती जेवून आडवी झाली की आत्या गवऱ्या वेचायला जायची. डोक्यावर पाटी, पाटीत गवऱ्या. दुसऱ्याच दिवशी मी ओढ्याच्या वाटेवर बाभळीखाली तिला गाठलं.

"आत्या," मी म्हणाले, "तुझ्या गवऱ्या गळतायत."

पाटीतून पाण्याची धार तिच्या खांद्यावर लागली होती. तिने धारेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मोठ्या रुबाबात म्हणाली, "वल्या हायत."

गवऱ्यांच्या खाली तांब्याची घागर होती. गाड्या खाणीत यायला लागल्या आणि विहिरीला वास आला, तेव्हापासून आत्या माळावरचं पाणी आणत होती. घरी तिच्या कोपऱ्यात झाकण घातलेला एक काळा माठ असायचा. "तो पाहुन्यांचा हाय, हात लावायचा न्हाई," असा तिचा हुकूम होता. त्यातलं पाणी पाहुण्यांना आणि तिला. पाहुणे तांब्या तोंडाला लावून म्हणायचे, काय गोड पाणी आहे हो! आणि आबा छाती फुगवून म्हणायचे, आमची हीर हाय.

"मग सगळ्यांनाच तिथलं आणू या की," मी म्हणाले. "वहिनी उद्या परत येईल."

"उघड?" आत्या म्हणाली. बाजारात बिनलुगड्याचं जायचं का, असं मी विचारल्यासारखी. "लोकांत तोंड दाखवायचंय मला."

मी परत मावशीकडे गेले. तिने ऐकून घेतलं. "हिरीला काय कमी न्हाई," ती म्हणाली. "समदी वस्ती आली तरी पानी पुरंल. पर उजेडात या, रस्त्यानं या, आन कुनी इचारलं तर कुठलं पानी ते सांगा. तुझी आत्या आडरस्त्यानं येती. मी बगून न बगितल्यावानी करते. तान्हेल्याला हाकलायची रीत आमच्यात न्हाई. ती तुमच्यात."

"तुम्हीच सांगा ना आबांना."

"मी कशाला? जिनं नेलं तिनंच सांगायचं."

आत्या तर सांगणार नव्हती. म्हणून मी नगरपालिकेत गेले. विहीर सरकारी प्रयोगशाळेकडून तपासून घ्या, एवढीच मागणी. साहेब म्हणाले उद्या या. मी उद्या गेले. साहेब म्हणाले पुढच्या आठवड्यात. मी म्हटलं, तोवर इथेच बसते, आणि खुर्ची ओढून त्यांच्या पंख्याखाली बसले. मग बसायला रोजच जायला लागले. डबा नेत होते. डब्यात कच्ची डाळ असायची, ती मी साहेबांच्या समोर कडाकडा चावत होते. अखेर माझ्या दातांना कंटाळून साहेब नमुना घ्यायला यायला तयार झाले.

हे तेच साहेब, आबांनी ज्यांना टोपी घातली होती. आले ते भर उन्हात, शिपायाच्या हातात प्रयोगशाळेची बाटली, कापडात गुंडाळलेली, एखाद्या नवरीसारखी. पण वस्तीवर आलेल्या माणसाने आधी टेकायचं, पाणी प्यायचं, चहा घ्यायचा, मग काम. या रीतीतून यमदूतही सुटला नसता. साहेब आबांबरोबर ओट्यावर बसले. शिपायाने बाटली ओट्यावर ठेवली, आणि तेवढ्या वेळात मी त्याला घेऊन विहिरीवर गेले आणि पायऱ्या उतरून खाणीच्या बाजूचा दगडांतून पाझरणारा काळपट ओघळ त्याला दाखवला. तो नाकाला रुमाल लावून म्हणाला, "ताई, हे साहेबांना दाखवलंच पाहिजे."

आम्ही परत आलो तर बाटली भरलेली, बूच लावलेलं, वर लाख लावणं चाललेलं.

झालं होतं ते असं. साहेबांनी पाणी प्यायलं, मिशा पुसल्या आणि विचारलं, "वा! हे विहिरीचंच का?" आबा म्हणाले, "आमच्याच हिरीचं." साहेबांनी उन्हाकडे पाहिलं, पायऱ्या आठवल्या, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "मग पुन्हा खाली कशाला उतरायचं? विहिरीचं ते माठात आलंय, माठातलं बाटलीत घेऊ." आणि आबांनी साक्षीदार म्हणून सही ठोकली.

काळ्या माठाचं झाकण बाजूला पडलं होतं. मी आत्याकडे पाहिलं. आत्या दारावरच्या तोरणाकडे बघत होती.

"साहेब, हे आमच्या विहिरीचं पाणी नाही!" मी ओरडले. "माळावरचं आहे. आत्या आणते."

साहेबांनी आबांकडे पाहिलं. आबांनी आत्याकडे. "अक्का?"

"पोरीला ऊन लागलंय," आत्या म्हणाली.

आबा हसायला लागले. ओट्यावर जमलेले सगळेच हसले. "अक्का? आन माळावरचं पानी? साहेब, तिकडनं वारं आलं तरी ती खिडकी लावती!"

साहेब बाटली घेऊन गेले.

मग मी आत्याला स्वयंपाकघरात धरलं. ती माठावर झाकण ठेवत होती. "पाहुन्याला त्या हिरीचं पानी कसं द्यायचं?" ती म्हणाली. "काय झालं-बिलं असतं त्याला, म्हंजे?"

"आणि आपल्याला झालं तर चालतं?"

"आपन घरचे हाय," आत्या म्हणाली, जणू यात समजण्यासारखं काय अवघड आहे.

निकाल आला. पाणी पिण्यास उत्तम. आणि पाणी उत्तम आहे, म्हणजे खड्ड्यापासून कुणाला धोका नाही. धोका नाही, म्हणजे दुसरा खड्डा घ्यायला हरकत नाही. तो ओढ्यापलीकडे माळाच्या उतारावर, बौद्धवस्तीच्या विहिरीच्याही वर घ्यायचं ठरलं. साहेब स्वतः वस्तीवर येऊन हे समजावून सांगणार होते.

त्याच दरम्यान वहिनीला मुलगा झाल्याची बातमी आली, आणि आत्या आणि मी बारशाला बेलापूरला गेलो. पिशवीत दुपटी. पाळण्यातून उचलून वहिनीने बाळ आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्याने त्याचं टोपडं सारखं केलं. त्याच्या तळव्याला बोट लावून बघितलं, त्याने ते बोट घट्ट धरलं, आणि आत्याचा चेहरा असा झाला की मी खिडकीकडे बघत बसले. बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या. निघायच्या वेळी आत्या म्हणाली, "चल आता घरी. लई झालं म्हायेर."

"येते की," वहिनी म्हणाली. "पानी कुठलं पाजनार माझ्या लेकाला, तेवढं सांगा."

मी आत्याकडे बघत होते. एक शब्द. एक विहिरीचा पत्ता. तेवढा दिला असता तर बाळ आमच्याबरोबर त्याच गाडीत बसलं असतं.

खोलीत वहिनीची आई होती, शेजारच्या बायका होत्या. आत्याने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "आपल्याच हिरीचं," ती म्हणाली. "सरकारनं उत्तम म्हनलंय."

"मग सरकारच्या लेकाला पाजा," वहिनी म्हणाली, आणि पुढे होऊन तिने बाळ आत्याच्या मांडीवरून उचललं. ओढून नाही, अगदी हळुवार, त्याच्या मुठीतून आत्याचं बोट सोडवून. परतीच्या एस.टी.त आत्या खिडकीशी बसली होती. पिशवी मांडीवर होती. दुपटी तिने तिथे ठेवली नव्हती. वाटभर ती एकाच गोष्टीवर बोलली: कंडक्टरच्या वागण्यावर.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला हव्या त्या ठिकाणी थांबता येईल. विहिरीचा नमुना पुन्हा घेतला गेला, पायऱ्या उतरून, आणि तो निकाल असा आला की नगरपालिकेला गाड्या दुसरीकडे न्याव्या लागल्या. दुसरा खड्डा झालाच नाही. आमची विहीर सुधारायला बरीच वर्षं लागली. जमीन लवकर विसरत नाही. तोवर वस्तीने पाणी माळावरून भरलं, रस्त्याने, उजेडात. पहिले काही दिवस काही घरं आली नाहीत. मग त्यांच्याही सुनांनी माहेरची नावं काढायला सुरुवात केली आणि तीही आली. वहिनी परत आली, भाचा आज माझ्याहून हातभर उंच आहे. हे सगळं झालं, पण आपोआप झालं नाही. ते एका दुपारी चिंचेखाली झालं.

चिंचेखाली सतरंजी अंथरली होती. साहेबांना खुर्ची, शेजारी आबा, मागे आमची सगळी माणसं, एका अंगाला बायका, त्यांत आत्या. साहेब बोलायला उठणार तोच माळावरून मावशी आणि तिच्याबरोबर पाच-सहा बायका आल्या. पूर्वीची रीत अशी की त्यांनी लांब, बांधावर बसायचं. त्या सरळ पुढे आल्या आणि सतरंजीवर साहेबांच्या समोर बसल्या. मी उठून मावशीच्या शेजारी जाऊन बसले.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "ह्यांचं काय काम हितं?"

मावशी मागे न वळता म्हणाली, "दुसरा खड्डा आमच्या उतारावर खननार म्हनत्यात. आज तुमची हीर गेली, उद्या आमची जाईल. आमचं काम न्हाई तर काय तुझ्या सासऱ्याचं?"

साहेबांनी निकालाचा कागद उघडला. प्रयोगशाळा, शास्त्र, सरकार, सगळ्यांची नावं घेऊन झाली. मग म्हणाले, "तेव्हा पाण्यात दोष नाही. कावीळ होते ती घाणेरड्या सवयींमुळे. घरातल्या बायकांनी आधी हात धुवायला शिकावं."

मी चमकून आत्याकडे पाहिलं. दिवसातून किती वेळा हात धुवायची ती! सरपण धुऊन चुलीत घालायची बाई. तिच्या मानेची शीर उभी राहिली. पण ती बसूनच राहिली.

मी उठले. "साहेब, नमुना पुन्हा घ्या. विहिरीत उतरून घ्या."

"बाळ, साक्षीदाराची सही आहे. तुझ्याच वडिलांची." आबांनी मान खाली घातली. "आणि तुझ्या माहितीसाठी सांगतो, सुनांचे रुसवे-फुगवे असले की पाण्याला नावं ठेवली जातात. मी ऐकलंय तुमच्या घरातलं. ज्यांना नांदायचं नसतं त्यांना माहेरचंच पाणी गोड लागतं."

मावशीने मान वळवली आणि आत्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. तिच्या नजरेत विनवणी नव्हती, रागही नव्हता. आपल्या दारातली एखादी बाई घागर भरून होईपर्यंत आपण थांबतो, तशी ती थांबली होती.

साहेब रंगात आले होते. त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि हात पसरले. "अहो, मी स्वतः प्यायलोय हे पाणी! यांच्याच ओट्यावर बसून. इतकं गोड पाणी गावात मिळत नाही. आहे का इथे कुणी, ज्याने माझ्या तोंडावर सांगावं की ते पाणी वाईट होतं?"

आत्या उठली. पदर खोचला. बायकांमधून वाट काढत सतरंजीच्या मधोमध आली, मावशीच्या खांद्यावर हात टेकून उभी राहिली, आणि सगळ्या वस्तीसमोर, आबांसमोर, ओरडली:

"वाईट कसं असंल, मुडद्या? ते आमच्या हिरीचं न्हवतंच! ते हिच्या हिरीचं हुतं! मी आनलंय, ह्या डोक्यावरनं, आन रोज तेच पिते, म्हनून तर आज तुला शिव्या द्यायला जित्ती हाय!"